रामटेके बाबूंचा पालथा फोन

नागपूरहून मुलीचा फोन आला की कोणताही बाप काय करतो? रिसीव्हर कानाला लावतो, अख्ख्या आलापल्लीला ऐकू जाईल असा 'हॅलो' ओरडतो, आणि पोरीनं 'जेवले का' विचारलं की डोळे पुसत 'तू जेवली का' विचारतो. आमचे रामटेके बाबू यातलं काहीच करत नसत. ते रिसीव्हर उचलत, कानाकडे नेतसुद्धा नसत, आणि एका डब्यावर बसवलेल्या रबराच्या दोन वाट्यांमध्ये तो पालथा दाबून टाकत. वरून गोधडी घालत, तापलेल्या लेकराला घालावी तशी. आणि त्याच्याकडे पाठ करून टीव्हीसमोर जाऊन बसत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतका राग आला, की त्यांच्यासाठी नेलेली वाटीभर खीर मी तशीच परत घेऊन आले. बिनआईची पोर तिकडे एकटी राहते, आठवड्यातून एकदा फोन लागतो, आणि हा बाप तिचं तोंड रबरात कोंबून वर पांघरूण घालतो. असल्या माणसाला खीर कशाला?

आधी माझं सांगते, म्हणजे मी कोण मधे बोलणारी हे कळेल. रामटेके बाबूंच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे आमची पिठाची गिरणी. आलापल्लीच्या विजेचा तेव्हा भरवसा नव्हता, म्हणून गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. तिचं धक्-धक् लाकडाच्या डेपोपर्यंत ऐकू जाई. लोक म्हणत, वाघसुद्धा या इंजिनाला भिऊन तिकडच्या जंगलात राहतो. मी चौथी शिकलेली. पुढचं शिक्षण दळणाच्या पिशव्यांवरची नावं वाचून आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून झालं. मालक, म्हणजे आमचे हे, इंजिन पाहत आणि मी पीठ पाही. तोंडही माझंच चाले.

रामटेके बाबू म्हणजे निवृत्त तारबाबू. नागभीड, चिमूर आणि शेवटी आलापल्ली अशी छत्तीस वर्षं त्यांनी तारेच्या कट्ट-कड-कट्टमध्ये काढली. मरणाच्या, जन्माच्या, बदलीच्या बातम्या त्यांच्या बोटांतून गेल्या, आणि त्यांचं म्हणणं असं की एकही अक्षर कधी गहाळ झालं नाही. एकदा म्हणे दुपारी जेवताना ध्यानात आलं की सकाळच्या तारेत गावाच्या नावातलं एक अक्षर चुकलं. भाताचा हात न धुता सायकलवर बसले आणि आठ मैल जाऊन ते अक्षर दुरुस्त करून आले. घरच्यांनी तार कधीच वाचली होती आणि ती मंडळी रडून-जेवून झोपलीही होती. बाबूंनी त्यांना उठवलं.

"अक्षर म्हणजे दुसऱ्याची ठेव," असं ते म्हणत. "आपल्या हातून गेली तर चोरी."

असा माणूस शेजारी असला म्हणजे काय होतं ते मला विचारा. त्यांच्या दाराला पाटी टांगलेली होती. शाळेतल्या लेकरांची असते तशी दगडी पाटी, सुतळीला बांधलेली पेन्सिल. कोणी काही सांगायला गेलं की त्यांचं एकच पालुपद: "तोंडी काम नाई. लिहून द्या." दूधवाल्यानं उद्या दूध नाही म्हटलं, लिहून द्या. सरपंच ग्रामसभेचं सांगायला आले, लिहून द्या. माझ्या पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी हळद-कुंकू घेऊन गेले, तर मलाही तेच. मी पाटीवर लग्न, वार आणि वेळ लिहिली. त्यांनी वाचली, 'मंगळवारी' या शब्दातली वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाले, येतो. मी घरी येऊन मालकांना सांगितलं, या माणसाचं हापीस सुटलं, पण हा हापिसातून सुटला नाही.

आणि बोलत तरी किती. एकदा सुरू झाले की समोरच्यानं तोंड उघडायचं काम नाही. आपण मधे काही विचारावं तर ऐकल्यासारखंही करत नसत. आपलं पुढे चालूच. गावात सगळे म्हणत, बाबू शिष्ट झाले. मी तर सगळ्यात जोरात म्हणे.

तर ही मित्रा, म्हणजे संघमित्रा, त्यांची एकुलती एक लेक. ती नागपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागली होती. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एक खोकं घेऊन आली. त्यात टाइपरायटरसारख्या कळांचा एक चपटा डबा होता, तो टीव्हीला जोडायचा. दुसरा डबा त्या रबरी वाट्यांचा. त्याला मोडेम म्हणतात. मित्रानं मला समजावून सांगितलं ते असं: ती नागपुरात अक्षरं लिहिणार, तिकडचा डबा त्या अक्षरांची शिट्टी करणार, शिट्टी टेलिफोनच्या तारेतून जंगल ओलांडून इकडे येणार, आणि इकडचा डबा त्या शिट्टीची पुन्हा अक्षरं करून टीव्हीवर दाखवणार. बोलणं मराठीच, पण अक्षरं इंग्रजी. बाबूंनी इकडून कळा दाबल्या की त्यांची अक्षरं तिकडे.

आलापल्लीत तेव्हा टीव्ही होते मोजून चार. त्यातला एक या माणसानं अक्षरं पाहायला ठेवला. रविवारी सकाळी आजूबाजूच्या बाया चटया घेऊन त्यांच्या ओसरीवर गेल्या, तर बाबू म्हणाले, चित्र नाई दिसत यात, मजकूर दिसतो. बाया चटया गुंडाळून माझ्या गिरणीवर आल्या आणि दोन तास माझ्यापाशी त्यांना शिव्या देत बसल्या. मीही दिल्या.

मी एकदा पाटीवर लिहूनच विचारलं, पोस्टकार्ड काऊन नाई टाकत?

"पोस्टकार्ड शिळं असते बाई," ते म्हणाले. "इथी मी विचारलं की तिथी ती तवाच सांगते. हे बोलणं आहे."

बोलणंच आहे तर तोंडानं बोला की. हे मात्र मी पाटीवर लिहिलं नाही, तोंडानंच म्हटलं, आणि त्यांनी ते कानाआड केलं.

पहिले काही रविवार बरे गेले. अकराला फोन यायचा. साडेदहापासून बाबू फोनवर तळहात ठेवून बसलेले. नुसता ठेवलेला हात, ताप पाहिल्यासारखा. परसामागच्या पायवाटेनं जाणारे खिडकीतून पाहून हसत. घंटा वाजली रे वाजली की रिसीव्हर वाट्यांत. मित्रा तिकडून एकेक कळ दाबून विचारी, बाबू इकडून एकेक कळ दाबून उत्तर देत. पण कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली तिला पंधरा मिनिटंच मिळे, म्हणून ती पुढे आठवडाभराचा मजकूर आधीच लिहून ठेवायला लागली आणि फोन लागला की एकदम सोडून द्यायची. आणि तिथून अक्षरं गळायला लागली.

कशी? तर 'परवा मी भाजी करपवली' असं तिनं लिहिलं, तर इकडे यायचं 'वा मी भाजी करपवली'. पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर नाही, त्याच्या पुढच्या ओळीची पहिली दोन नाहीत. बाबू सगळं मराठी अक्षरांत वहीत उतरवून घेत, आणि जिथे अक्षर गळलं तिथे तेवढी जागा मोकळी सोडत. ती वही मी पाहिली आहे. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसे.

आता रामटेके बाबू आणि गहाळ अक्षर. छत्तीस वर्षांत जे झालं नाही ते निवृत्तीनंतर, तेही पोटच्या पोरीच्या मजकुरात. माणूस पेटला.

पहिला आरोपी आमचा पोचमभाऊ. हा टेलिफोनच्या बोर्डावर बसे, सिरोंचाकडचा, बोलताना मधेच तेलुगू. तेव्हा आमच्याकडे फोन पोचमभाऊच्या हातानं जोडला जाई, आणि बोलणं संपलं की नाही ते पाहायला तो मधे कान लावी. त्याला ऐकू आली नुसती चिं-चिं. त्याला वाटलं लाइन बिघडली, त्यानं बोर्डावरची जोडणीची खुंटी उपटली. झालं. बाबू टेलिफोन हापिसात जाऊन त्याला तासभर बोलले. पोचमभाऊ गरीब बिचारा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "अम्मा, बाप-लेकीचं बोलणं मी काऊन तोडीन? पण ते बोलणं होतंच कुठी, कुकरच्या शिट्ट्या होत्या." त्यानंतर दर रविवारी अकरा वाजता तो त्या खुंटीला लाल फडकं बांधे, आणि चहालासुद्धा उठत नसे. अक्षरं तरी गळतच राहिली.

मग लाइनमन. तो बिचारा अहेरीच्या रस्त्यानं खांब-खांब हिंडला. खांबावरच्या एका डबीत मुंगळ्यांचं घर सापडलं, ते काढलं. तारेवर वानरं झोके घेतात असा अहवाल आला, तर बाबूंनी जंगल खात्याला अर्ज ठोकला. अर्जही तारेच्या भाषेत: 'वानरे तारेवर. मजकूर गहाळ. बंदोबस्त करा. उत्तर कळवा.' रेंजर साहेबांनी उत्तर दिलं की वानरं त्यांच्या अखत्यारीत असली तरी हुकूम मानत नाहीत. बाबूंनी ते उत्तर फाइलला लावलं आणि स्मरणपत्र पाठवलं.

मग गोधडी आली. आवाज वाट्यांत शिरतो आणि अक्षरांत कचरा मिसळतो असं मित्रानं कळवलं होतं. गोधडीनं कचरा खरंच गेला. मधेमधे येणारी ती काहीच्या काही चिन्हं थांबली. गळती मात्र होती तिथेच.

आणि एका रविवारी, बारा वाजता, भर गिऱ्हाइकांत रामटेके बाबू रस्ता ओलांडून माझ्या गिरणीत आले. हातात वही.

"बाई, तुमच्या इंजिनानं आज माझी एकोणसाठ अक्षरं खाल्ली. मोजून आणली मी."

मी म्हटलं, कोणत्या इंजिनानं? कारण आमचं इंजिन त्या दिवशी उघडं पडलं होतं. त्याचं डोकं दुरुस्तीला चंद्रपूरला गेलं होतं, तीन दिवस झाले होते. गिऱ्हाईक म्हणजे काय, चौकशीला आलेल्या बाया. मी त्यांचा हात धरून त्यांना इंजिनापाशी नेलं आणि आतला मोकळा पोकळ भाग दाखवला. बिनडोक्याचं इंजिन अक्षरं कशी खाईल, सांगा. बाबूंनी वाकून पाहिलं, जरा गोंधळले, आणि म्हणाले, "आत्ता बंद आहे. मघा चालू असंल."

हे मला लागलं. मी गिरणीवाली आहे, माझ्यावर लोक काय-काय आळ घेतात. पीठ कमी भरलं, माझ्या ज्वारीत दुसऱ्याची मिसळली, जाड दळलं, बारीक दळलं. ते सगळं मी ऐकून घेते, कारण त्यात कधीमधी थोडं खरं असतं. पण बंद इंजिनावर आळ घेणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. समोर राहतो, इंजिन चालू की बंद हे गावाच्या त्या टोकाच्या म्हातारीला कळतं, आणि याला कळत नाही? मी ठरवून टाकलं, हा खोटं बोलून राह्यला. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, देव जाणे. त्यांचं बोलणं चालूच होतं.

दसरा झाला. मग एक दिवस बाबू आले ते आवाज न करता. दळणाच्या पाटावर बसले आणि वही उघडून माझ्यासमोर धरली. मित्राचा शेवटचा मजकूर होता. कुरतडलेला, पण कळत होता. तिनं लिहिलं होतं, बाबा, आपल्या दोघांचा जीव या मशीनपायी चालला आहे. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर हे बंद करू आणि चारचौघांसारखं सरळ फोनवर बोलू. मला तुमचा आवाजही ऐकायला मिळेल.

मी वाचलं आणि म्हटलं, सोन्यासारखी पोर आहे, बरोबर म्हणते, करा बंद तो कारखाना.

त्यांनी माझं ऐकलंच नाही. वहीवर बोट ठेवून म्हणाले, "दिवाळीच्या आत सापडलं पाहिजे बाई. नाईतर गेलं सगळं." वही मिटली आणि लगेच पुन्हा उघडली. मला वाटलं होतं हा माणूस अक्षरांसाठी भांडतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला शंका आली की हा घाबरला आहे. कशाला, ते मात्र कळेना. पोरीशी फोनवर बोलायला कोणी घाबरतं का?

राग होता, पण मन पाघळलं. मी त्यांच्या दाराशी जाऊन पाटीवर लिहून दिलं, येत्या रविवारी अकरा ते साडेअकरा गिरणी बंद, आणि मी स्वतः येऊन बसते. अक्षरं गळली तर माझ्या इंजिनाचं नाव पुन्हा काढायचं नाही. बाबूंनी खाली सही केली. माझीही घेतली.

रविवार आला. दिवाळीआधीचे दिवस, दळणाच्या रांगा लागलेल्या, तरी मी मालकांना बजावून गेले. बाबूंची मशीनची खोली मागच्या बाजूला, खिडकी परसातल्या मोहाच्या झाडाकडे. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बायकोचा फोटो. बाबू फोनवर तळहात ठेवून बसले होते. मी मोडक्या खुर्चीवर बसले. मला जिंकायचं होतं, खोटं कशाला सांगू.

अकराला पाच कमी असताना समोरून आवाज आला. धक्. धक्-धक्. धक्-धक्-धक्.

मालकांनी इंजिन सुरू केलं होतं. मागाहून कळलं, ताडगावकडून माडिया बाया भाताचं दळण डोक्यावर घेऊन आल्या होत्या. दिवस असता परत पोचायचं होतं त्यांना, आणि मालकांना नाही म्हणता येईना. पण त्या वेळी मला काय ठाऊक. मी खुर्चीत आखडून बसले. सही केलेली पाटी दाराला टांगलेली. आता हा माणूस उसळणार, आता गावभर सांगणार, असं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

बाबूंच्या तळहाताखाली घंटा वाजली. त्यांनी रिसीव्हर उचलला, वाट्यांत दाबला, गोधडी घातली. मग माझ्याकडे वळले, आणि हसले. बारा वर्षांत हा माणूस माझ्याकडे पाहून हसल्याचं मला आठवत नाही.

"उपकार झाले बाई," ते म्हणाले. "इंजिन बंद आहे तर पहा बरं, कसं शांत-शांत वाटून राह्यलं."

मला वाटलं टोमणा आहे. मी उत्तर तयार केलं, तोंड उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा मिटलं. टोमणा नव्हता. समोर इंजिन धडधडत होतं, मोहावरचे कावळे उडून गेले होते, आणि हा माणूस मनापासून माझे आभार मानत होता.

मग एकेक आठवायला लागलं. दाराची पाटी. फोनवरचा तळहात. चंद्रपूरला डोकं गेलेलं इंजिन. मी महिनाभर धरलेला अबोला, जो त्यांना कळलाच नसणार. तारेची बारीक कट्ट-कड ऐकून छत्तीस वर्षं पोट भरलेला माणूस, आणि त्याला वीस पावलांवरचं माझं इंजिन ऐकू येत नव्हतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त कोणाला सांगायचं नव्हतं, तेही मला त्या क्षणी कळलं. लेकीला कळलं असतं तर ती नागपूरची नोकरी टाकून दुसऱ्या दिवशीच्या बसनं आलापल्लीला आली असती.

"पहा, पहा, सुरू झालं," बाबू म्हणाले.

टीव्हीवर ओळी उमटायला लागल्या. वरून पहिली, तिच्याखाली दुसरी. मला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण बाबू बोटानं दाखवत होते आणि मोठ्यानं वाचत होते, म्हणून कळत होतं. सगळं धडधाकट. पाच ओळी, दहा ओळी, एक अक्षर गळालं नाही. बाबूंचा चेहरा उजळत चालला. "इंजिनच होतं," ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" बाहेर धक्-धक्-धक्.

ओळी पार खालपर्यंत भरल्या. आता पुढची ओळ कुठे लिहिणार, तर सगळाच्या सगळा मजकूर एक ओळ वर सरकला, खाली जागा झाली, आणि तिथे नवी ओळ आली. बिनडोक्याची. पुढची पुन्हा तशीच. प्रत्येक वेळी सगळं वर सरके, आणि प्रत्येक नवी ओळ तोंड तुटलेली.

बाबूंचं बोट थांबलं. "इंजिनही नाई," ते हळूच म्हणाले. "मग जातात तरी कुठी?"

माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. हा माणूस प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

मला उत्तर ठाऊक होतं. गिरणीवालीला नाही कळणार तर कोणाला? जात्यातून पीठ कापडी बाहीतून खाली डब्यात पडतं. पहिला डबा कधी कमी भरत नाही. तो भरला की बाजूला सरकवायचा आणि दुसरा लावायचा. त्या तेवढ्या वेळात बाही मुठीत आवळून धरावी लागते. नाही आवळली तर सरकवासरकवीत जे येतं ते भुईवर. नवीन माणूस गिरणीवर ठेवला की हमखास हेच करतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं बाईनं पीठ खाल्लं.

मी तोंड उघडलं, आणि मग उठून दाराची पाटी काढून आणली. सहीवर हात फिरवून ती पुसली आणि लिहिलं. आयुष्यात मी नाव-वार-वेळ सोडून काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं: 'डबा बदलताना वरून येणारं थांबवा लागते. तुमची मशीन मजकूर वर सरकवते तवा तिचे हात गुंतले असतात. तेवढ्यात आलेलं सांडते. पोरीले सांगा, ओळ संपली की बाही आवळ.'

बाबूंनी ते तीनदा वाचलं. वेलांटी-उकार काही दुरुस्त केलं नाही.

मग डोक्याला हात लावला. "घेणाऱ्याचा हात पाहून पाठवावं," ते म्हणाले. "हे मी नव्या पोरांले शिकवत होतो बाई. पहिल्या दिवशी. घेणारा लिहून राह्यला का, पाहा. मग पुढचा शब्द."

मित्राचा मजकूर संपला होता, शिट्टी चालू होती. बाबूंनी दोन बोटांनी कळा दाबल्या. ओळीच्या शेवटी थांबत जा. तिकडून एकेक अक्षर उमटलं, हातानं लिहिलेलं, म्हणून सावकाश आणि पुरं: किती थांबू, बाबा?

बाबूंनी विचार केला आणि लिहिलं, एक श्वास.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी बाबू गिरणीत आले. रांगेतल्या सगळ्या बाया वळून पाहायला लागल्या. बाबूंचा आवाज आधीच मोठा, त्या दिवशी आणखी मोठा.

"सगळ्यांनी ऐका. या बाईच्या इंजिनावर मी आळ घेतला होता. काल ते बंद होतं, मी स्वतः साक्षी आहे, तरी अक्षरं गेली. इंजिन निर्दोष आहे."

आमचे मालक सरळ माणूस. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तोंड उघडलं, "पण बाबू, काल तर—"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. ते अजून म्हणतात की त्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडं आहे.

जरा माझी दशा पाहा. दोन महिने मी म्हणत होते की माझं इंजिन निर्दोष आहे. आणि ते इंजिन धडधडत असताना त्या टीव्हीवर पानभर मजकूर धडधाकट उतरला होता, यापरता मोठा पुरावा कोणता? गावात तोंड वर करून सांगावं असा पुरावा, आणि तो मला वापरता येईना. मी माफी घेतली. बंद इंजिनाची माफी. त्यांनी खीर मागितली, ती दिली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. ओळ आली. थांबली. दुसरी ओळ आली, थांबली. तोंड शाबूत, शेपूट शाबूत. दर वेळी मजकूर वर सरकायचा, तेवढ्यात रिकामा एक क्षण मिळायचा, आणि त्या क्षणात रामटेके बाबू टीव्हीकडे पाहून म्हणायचे, "हं." फोनवर ऐकताना माणूस म्हणतो तसं. पुढची ओळ. "हं." मित्रानं लिहिलं होतं, भाजी आता करपत नाही. "हं." मशीन जमलं तर, बाबा, फोन नको. "हं. हं."

मी पाय न वाजवता निघाले. मग रस्त्यात ध्यानात आलं की पाय वाजवले असते तरी चाललं असतं.

दोन वर्षांनी मित्रा त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिला केव्हा आणि कसं कळलं, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. जाताना बाबू ती पाटी माझ्या गिरणीत ठेवून गेले. त्या पाटीवर लिहिता-लिहिता मला लिहायची खोड लागली, ती अशी तुमच्यापर्यंत आली. तोंडी तर मी त्यांना कधी सांगू शकले नाही. पण त्यांचंच म्हणणं होतं ना, तोंडी काम नाई. म्हणून लिहून देते.

बाबू, त्या रविवारी इंजिन चालू होतं.